सातव्या खंडाचं शेवटचं पान

वर्षातून दोनदा आमची पुस्तकांची बोट
फियॉर्डमधल्या सोळा धक्क्यांना लागते.
पोटात सहा हजार पुस्तकं, कॉफीची किटली,
आणि लाटांवर फळ्यांनी अंग टाकू नये म्हणून
प्रत्येक रांगेला आवळलेला दोर.

हेस्टनेसला ओडनी उभी असते,
मासळीच्या कारखान्यातून थेट, रबरी बुटांत.
"लोफ्टहुस आहे ना?" विचारते,
जणू मी त्याला अलीकडच्या धक्क्यावर
उतरवून आलो असेन.

इन्स्पेक्टर लोफ्टहुस. खंड अकरा.
अकराही तिने किती वेळा नेलेत
ते मागच्या कार्डावर दिसतं,
निळ्या शिक्क्यावर जांभळा, जांभळ्यावर काळा.
नोकरीत नवा होतो तेव्हा बोलून गेलो,
"अहो, खुनी कोण ते तर तुम्हाला ठाऊक आहे!"

"मला आहे. पण मला ठाऊक आहे
हे त्याला कुठे ठाऊक आहे?
बाराव्या पानावर इतका निवांत केक कापत असतो,
बघत राहावंसं वाटतं."

मग मीही वाचू लागलो, दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात.
पहिल्यांदा पळतच सुटलो,
प्रेतापासून बेड्यांपर्यंत एका दमात.
दुसऱ्यांदा दिसलं,
मेलेल्या बाईच्या खिडकीत एक जिरेनियम होतं
आणि कुंडीतली माती ओली होती.
तेव्हा तो पुरावा होता.
तिसऱ्या वेळी नुसतं फूल.

लोफ्टहुसचे मोजे कायम ओले.
बहीण रविवारी फोन करते, तो उचलत नाही.
आणि प्रत्येक खंडात
तो कोबी-मटणाचं पातेलं चढवतो, मिरी टाकतो,
झाकण ठेवतो न ठेवतो तोच
ठाण्यावरून फोन.
अकरा खंड झाले,
माणूस एकदाही जेवलेला नाही.

ओडनीचा भाऊ टोर्गाइर बोटीसकट परतला नाही,
त्याला आता एकवीस वर्षं होतील.
चौकशी झाली. दोन पानी अहवाल,
तळाशी: कारण अज्ञात.
मी सुतावरून स्वर्ग गाठला.
एका संध्याकाळी तिला म्हणालो,
म्हणूनच ना? इथे शेवटच्या पानावर
कारण सापडतं, म्हणून?

तिने कप खाली ठेवला.
"छे. मला ते कोबी-मटण आवडतं."

दोन हिवाळ्यांपूर्वी लाट झडपेतून आत आली
आणि सातव्या खंडाचं शेवटचं पान घेऊन गेली.
"बाद करतो," मी म्हणालो.
"दे इकडे," ती म्हणाली.
मार्चमध्ये पुस्तक परत आलं,
आत चौकटींच्या वहीचा कागद, खळीने डकवलेला,
पेन्सिलीतलं अक्षर, ओळ न ओळ पाठ.
मी ताडून पाहिलं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
फक्त शेवटचा परिच्छेद सोडून.

छापील पुस्तकात तो कोट चढवून पावसात निघून जातो.
ओडनीच्या पानावर
फोन वाजतो.
वाजू दे.
तो ओले मोजे काढतो, शेगडीवर वाळत टाकतो,
खुर्ची ओढतो,
झाकण उचलतो.

नियमाप्रमाणे मी वर कळवायला हवं होतं.
कळवलं नाही. नवी प्रत आपोआपच आली,
कोरी, तकतकीत, गोंदाच्या वासाची.
ती फळीवर तशीच पडून आहे.
धक्क्याधक्क्यावर लोक आवाज खाली आणून विचारतात,
"ते पेन्सिलवालं आहे का?"

परवा ते पुन्हा हातात आलं.
शेवटच्या ओळीखाली, शाईने,
भलत्याच अक्षरात कुणीतरी लिहिलंय:
मीठ जरा कमी होतं.

मी सगळी कार्डं काढून बसलोय.
सोळा धक्के, त्रेचाळीस सह्या.
ओडनीला दाखवलं,
तिने चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरलं,
आणि कितीतरी दिवसांनी
मी तिला पुढचं पान ठाऊक नसलेल्या चेहऱ्याने
बघताना पाहिलं.